मी चोंदलेली नळी नाही

मी काळुरामच्या हृदयाची धमनी. हृदयाच्या पुढच्या अंगावरून खाली उतरते आणि त्या धडधडणाऱ्या मांसाला रक्त पाजते. जाडीला सुतळीएवढी आहे, पण माझ्यावाचून काळुरामचं पान हलत नाही. आजवर माझ्याबद्दल सगळे बोलले. डॉक्टर बोलले, शेजारी बोलले. "नळी चोंदली," म्हणाले. आज मी बोलणार आहे आणि कुणाला मध्ये तोंड घालू देणार नाही.

काळुराम कासू गावचा. आईबाप मिठागरावर राबायचे आणि हा पोर बांधावरून अनवाणी पळायचा. तेव्हा माझं अस्तर इतकं गुळगुळीत होतं की रक्त कुठे अडखळायचं नाही. सुखाचे दिवस होते ते.

मोठा झाल्यावर तो पेणला, बाबाजींच्या गणपतीच्या कारखान्यात लागला. हात चांगला, म्हणून त्याला डोळ्यांची आखणी मिळाली. मूर्तीचे डोळे रंगवायचे, म्हणजे तिथलं सगळ्यात मानाचं काम. केसाएवढी रेघ, श्वास रोखून ओढायची. आणि एक डोळा काढला की दुसरा काढल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, अशी त्या कारखान्याची रीत. देवाला काणा ठेवून उठणार कसं?

हात स्थिर राहावा म्हणून काळुराम बिडी ओढू लागला. आधी कामापुरती, मग जेवणावर, मग उगाचच. माझ्या घराला आग लागली ती तेव्हापासून.

बिडीचा धूर छातीत थांबत नाही. त्यातलं जहर रक्तात उतरतं आणि माझं अस्तर ओरबाडतं. त्या अस्तराखाली रक्तातली चरबी शिरली. नुसती चरबी मी सोसली असती. पण त्या जहराने ती खवट झाली, दमट दिवसांत डब्यातलं खोबरं होतं तशी. मग अंगातले पहारेकरी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, धावून आल्या. ती घाण खाऊ लागल्या, खाऊन फुगल्या, तिथेच मेल्या. त्यांच्या मदतीला आणखी आल्या. अंगावर गळू येतं ना, लाल, गरम? तसंच माझ्या भिंतीत चाललं होतं, फक्त ठणका काळुरामला कळत नव्हता. त्यात त्याची एक दाढ किडलेली. हिरडी सुजली की तो मिश्री लावून गप्प बसायचा. त्या सुजेची झळही रक्तातून माझ्यापर्यंत यायची.

मी काय हातावर हात धरून बसले होते? त्या घाणीवर मी झाकण धरलं. सूज ते कुरतडायची, मी पुन्हा विणायचे. वर्षानुवर्षं हेच. वाट थोडी अरुंद झाली, पण बंद मी होऊ दिली नाही. नळीला जमतं का हे?

१९९६चा श्रावण. कारखान्यात मूर्तींची दाटी, आणि कुंचल्यातला रंग सुकू नये म्हणून पंखा बंद. छातीत जड वाटतंय म्हणून काळुराम येता-जाता सोडा पीत होता. त्या दुपारी त्याने एका मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा काढला, आणि माझं झाकण फाटलं.

आतली घाण रक्ताला लागली. रक्ताला वाटलं, जखम झाली. ते माझ्यातच गोठू लागलं आणि पुढचं मांस उपाशी पडलं. काळुरामच्या छातीवर भार आला, डावा हात भरून आला, घामाने सदरा भिजला. आणि हा माणूस कुंचला रंगात बुडवत होता! एवढा राग मला जन्मात आला नव्हता.

तेवढ्यात त्याची बायको पुतळी जेवणाचा डबा घेऊन आली.

"काय झालाय तुमाला? तोंड बगा कसा झालाय!"

"पित्त हाय गो. एक डोला ऱ्हायलाय, तेवढा करून उठतो."

"उठा आधी."

"देवाला काना ठेवून उठू?"

"देव थांबंल. तुमी नाय थांबनार!"

तिने कुंचला त्याच्या हातातून हिसकावला. आखणीच्या कुंचल्याला तिथे दुसरं कुणी हात लावत नसे. मालक बाबाजी ताडकन उठले. आता ओरडणार, असं वाटलं. ओरडलेच ते, पण दाराकडे तोंड करून, "टेम्पो खाली करा रे! मूर्ती उतरवा त्यातल्या!"

गणपतींसाठी पसरलेल्या पेंढ्यावर काळुरामला आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला लावली, गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून सोडलं. गुठळी सुटत गेली. आधी थेंब, मग धार. त्या औषधाने आपलं काम केलं, मी माझं केलं, अस्तरातून गुठळी सोडवणारा माझा रस ओतला. माझं कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

बाहेर डॉक्टर पुतळीला म्हणाले, "नळी चोंदली होती." डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार विसरणार नाही. पण मी पेटले होते. साचलेलं दिसतं, पेटलेलं दिसत नाही, एवढंच.

आता काळुराम अष्टमी नावाच्या गावी, बहिणीकडे आहे. बिडी सुटली. दाढही डॉक्टरांना विचारून काढून टाकली. पण आता तो मला भितो. रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी छातीवर हात ठेवून ओसरीवर बसून राहतो. बहीण गिरजाबाई म्हणते, "बस रं, हालू नुको." हा माझा अपमान आहे. मी काय तडा गेलेला माठ आहे, कोपऱ्यात ठेवायला?

आणि तुम्ही, वाचणारे. छातीत जड झालं, घाम फुटला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. काम असो, रीत असो, समोर देव असो, उठा आणि दवाखाना गाठा. आम्ही धमन्या भांडतो शेवटपर्यंत, पण वेळ तुम्ही द्यायचा असतो.

आज पुतळीने त्याला कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत आणलंय. पुढे चढ आहे. तो थांबला.

"दुखतंय?"

"नाय. भ्या वाटतंय."

"मना पन वाटतंय. चला."

त्याने पाय उचलला. मांस रक्त मागू लागलंय. माझी भिंत व्रणांनी भरली आहे, तरी एक थेंब कमी पडू देणार नाही. बोलणं पुरे. काळुराम चढावर आहे, मला काम आहे.