उखळातला हात

मी उखळ बोलतोय. हो, तेच. ज्यात एकदा डोकं घातलं की मुसळाला भ्यायचं नाही असं म्हणतात, ते. म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी माझ्यात कधी साधं बोट तरी घातलंय, हे मी विचारणार नाही. मी स्वभावानं शांत आहे. मार खाणं हाच माझा धंदा, आणि लाकडानं चिडून करायचं तरी काय?

माझा जन्म माम्पोंग गावाच्या पलीकडच्या रानातला. लाकूड कोरणाऱ्या एका म्हाताऱ्यानं वाकसानं मला पोखरलं. परातीसारखं पसरट तोंड आणि खाली जाडजूड बूड, असा माझा घाट. बाजाराच्या दिवशी ताचिवा आजी आली. तिला लेकीच्या नव्या संसारासाठी उखळ हवं होतं. तिनं माझं बूड ठोकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाली, "मुकं आहे. बरं झालं. बडबड्या उखळाला लवकर चीर जाते." त्या दिवसापासून मी फ्रेमाच्या अंगणात आहे. बघा, मुकं मुकं म्हणता म्हणता मी किती बोलायला लागलो!

फ्रेमा म्हणजे आजीची लेक. तिचा नवरा बोआदी, त्याचं रस्त्याच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान. घर आजीचं, त्यामुळे बोआदीचा आवाज फाट्यावर मोठा आणि अंगणात लहान.

माझं काम फुफू. उकडलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि कच्ची केळी माझ्यात पडतात, आणि कांडून कांडून त्यांचा मऊ, चिकट गोळा होतो. वर गरम सार ओतायचं आणि न चावता गिळायचं. म्हणूनच त्यात गुठळी राहिली तर घरच्या बाईची मान खाली जाते. कांडायला दोघं लागतात. एकजण उभा राहून लांब मुसळ चालवतो, दुसरी बुटक्या स्टुलावर बसून ओल्या हातानं गोळा उलटत राहते. मुसळ वर गेलं की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. कुणी मोजत नाही, कुणी बघतही नाही. संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरातून धप् धप् धप् ऐकू येतं, आणि हात सलामत ठेवून सगळे जेवायला बसतात.

फ्रेमाची लेक कोनादू या घरात जन्मली तेव्हा मी जुना झालो होतो. पोरगी उशिरा चालली, उशिरा बोलली, पण बोलायला लागली ती थांबेचना. पडायची मात्र सारखी. मी तिच्या जन्माआधीपासून एकाच जागी आहे, तरी रोज माझ्यावर आदळायची आणि वर म्हणायची, "उखळानं मधे पाय घातला." सार सांडायची. झग्याची बटणं वरची खाली, खालची वर. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, "तोंडानं विचारा, सगळं सांगते. लिहायला बसवली की कागदावरून कोंबडी चालून गेलेली. आळस, दुसरं काय."

आणि तो डावा हात! आमच्यात कुणाला काही द्यायचं तर उजव्या हातानं. डाव्या हातानं देणं म्हणजे तोंडावर अपमान. एकदा फ्रेमाचा थोरला भाऊ, ओपोंग मामा, घरी आला. आमच्यात मामाचा शब्द बापाहून वरचढ. कोनादूनं धावत पाणी आणलं आणि डाव्या हातानं पुढं केलं. मामानं भांडं तसंच खाली ठेवलं आणि प्यायला नाही. "पोरीला वळण नाही," एवढंच बोलून निघून गेला.

फ्रेमानं पोरीच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. दुसऱ्याच दिवशी पोरीनं आजीला काठी दिली. दोऱ्याकडे नीट बघितलं, तो हात पाठीमागं घेतला आणि डाव्यानं दिली. "अगं, दोरा कशाला बांधलाय?" फ्रेमा ओरडली. कोनादू म्हणाली, "त्याला काहीतरी झालंय म्हणून बांधलास ना? मी जपते त्याला." आजीला हसू आवरेना. फ्रेमा मात्र माझ्यापाशी बसून कसावा सोलत राहिली, आणि तिचे डोळे वाहत होते.

तिनं काय काय केलं नाही? झाडपाल्याच्या पाण्यानं आंघोळी घातल्या. प्रार्थनेच्या छावणीत नेऊन उपास केले. कुणी म्हणालं कोंबडीची जीभ खायला घाला, तीही घातली. देव झाले, दवा झाली, पोरगी होती तशीच.

कोनादूला एकच हवं होतं. तिच्या वयाच्या सगळ्या पोरी आपापल्या आईबरोबर कांडायच्या. एका संध्याकाळी फ्रेमाला दया आली आणि तिनं मुसळ पोरीच्या हातात दिलं. पहिले काही ठोके बरे पडले. पोरगी खुलली. मग शेजारच्या घरातला ठोका तिच्या कानात शिरला, आणि आमचा कुठला नि त्यांचा कुठला हे तिला कळेना. मुसळ खाली आलं तेव्हा फ्रेमाचा हात आत होता.

बोटाचं हाड मोडलं ते मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका. तो सगळा फुफू कोंबड्यांना गेला. कोनादू पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली आणि कितीही हाका मारल्या तरी बाहेर आली नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं बोट बांधता बांधता विचारलं, "कुणी केलं?" दाराशी कोनादू उभी होती, पायांत उलटसुलट चपला घालून. नर्सनं तिला एका पायावर उभं राहायला सांगितलं, अंगठ्याला एकेक बोट लावायला सांगितलं आणि मग फ्रेमाकडे वळली. "हिला मारू नका. कुमासीच्या मोठ्या हॉस्पिटलात एक बाई आहेत, अशाच मुलांचं बघतात. घेऊन जा."

त्या संध्याकाळी घरात जुंपली. बोआदी मला पालथा घालून माझ्यावरच बसला होता.

"ऊठ तिथनं," आजी म्हणाली. "अन्नाच्या डोक्यावर बसतात होय?"

"सासूबाई, इथं पोरीचं काय होणार कळेना, आणि तुम्हाला उखळाची पडलीय."

"आधी ऊठ. उभ्यानं काळजी कर."

बोआदी उठला. "कुमासीला नेली की डॉक्टर काहीतरी नाव देणार. मग जन्मभर पोरीला तेच चिकटणार. फाट्यावर लोक बोट दाखवतील."

"आत्ता काय म्हणतात ठाऊक आहे तुम्हाला?" फ्रेमा म्हणाली. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. "सारखी सांडते म्हणून सांडणी म्हणतात. अहो, नाव तर पडलंच आहे. निदान खरं काय ते तरी कळू दे."

सकाळी बोआदीनं दुकान बंद ठेवलं आणि तिघं कुमासीच्या गाडीत बसले.

परत आल्यावर फ्रेमानं आजीला सगळं सांगितलं ते माझ्या शेजारी बसूनच. हॉस्पिटलातल्या त्या लाम्प्ती बाईंनी कोनादूला खेळायलाच लावलं. चेंडू झेल, मणी ओव, रेघेवरून चाल. मग म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, आळशी तर मुळीच नाही. डोक्यातून हाताला हुकूम निघतो, पण वाटेत चुकतो. या दुखण्याला एक लांबलचक नाव आहे. बोआदीनं ते गाडीत येताना सारखं घोकलं होतं.

"डिस... डिसप्रा... काहीतरी," तो म्हणाला. "फाट्यापर्यंत येत होतं मला."

"आणि औषध?" आजीनं विचारलं.

"औषध नाही."

"मग गेलात कशाला?"

"कामाचे लहान लहान तुकडे करायचे," फ्रेमा म्हणाली. "एकेक तुकडा तोंडानं म्हणायचा, मग करायचा. पुन्हा पुन्हा. आणि ओरडायचं नाही. त्यांनी पोरीलाच विचारलं, तुला काय शिकायचंय? मला वाटलं लिहायला म्हणेल. तर ही म्हणाली, आईबरोबर फुफू कांडायचाय. बाई म्हणतात, मग तेच शिकवा, पण आधी हाताऐवजी लाकडी डाव घाला."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात शाळा भरली. फ्रेमा डाव आत घालताना म्हणायची, "हात." डाव बाहेर काढला की म्हणायची, "गेला." 'गेला' ऐकलं की मगच मुसळ सोडायचं. बोआदीनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर मुसळाला गुंडाळून दिले, पोरीची पकड कुठं ते कळावं म्हणून. तेवढं काम त्यानं फाट्यावर सगळ्यांच्या देखत केलं, हे मला विशेष वाटलं.

हात. गेला. धप्. हात. गेला. धप्. गल्लीत एवढा रेंगाळणारा ठोका दुसऱ्या कुणाचा नव्हता. शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय गं फ्रेमा, फुफू कांडतेस का शाळा घेतेस?"

"दोन्ही. ये, तुझीही फी भर."

किती डाव मोडले म्हणून सांगू! मीही पुष्कळ खाल्लं, कडेवर, बुडावर, जिथं मुसळाचं काही काम नाही तिथं. अधूनमधून कुमासीची वारीही चालू होती. फ्रेमा शाळेत जाऊन मास्तरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हिला तोंडी विचारा, मग आळशी म्हणा." मास्तरांनी नाखुशीनंच विचारलं. तेव्हापासून ते आळशी म्हणायचे थांबले, आणि अक्षर बघून नुसता उसासा टाकू लागले.

हळूहळू ठोका बसला. मुसळ चुकेनासं झालं. पण गुठळ्या राहायच्या, कारण गुठळी बोटांना कळते, डावाला नाही. आजी खाता खाता म्हणायची, "आज किती खडे टाकलेत?" पण फ्रेमा डाव काही सोडेना.

आणि एक दिवस ओपोंग मामा जेवायला आला. ओसरीवर बसला. सार उकळत होतं. रोजच्यासारखी फ्रेमा डाव घेऊन बसली आणि कोनादूनं मुसळ खाली टेकवलं.

"आई, डावानं गुठळ्या राहतात."

"राहू देत."

"मामाला गुठळ्यांचा फुफू वाढणार?"

"मग बाबांना बोलाव, ते कांडतील."

कोनादू हलली नाही. "तुला माझी भीती वाटते."

फ्रेमा डावाकडे बघत राहिली. आयांना खोटं बोलायला शिकवावं लागत नाही, पण या वेळी ती खरं बोलली. "हो गं. वाटते."

"मलापण वाटते," कोनादू म्हणाली. "पण तू 'गेला' म्हणेपर्यंत मी सोडणार नाही. कितीही वेळ."

फ्रेमानं डाव बाजूला ठेवला. हात पाण्यात बुडवला, वाकड्या बोटाचा तोच हात. मुसळ वर गेलं.

"हात," ती म्हणाली आणि हात आत घातला.

आणि तिथंच अडकली. बोट मोडलं तो दिवस तिच्या अंगात भरला असावा. शब्द फुटेना, बोटं गोळ्यात रुतून थिजली. शेजारच्या घरात धप् धप् धप् चाललं होतं, अगदी त्या दिवसासारखंच. वर कोनादूचे दंड थरथरायला लागले. मुसळ जड असतं हो, मोठ्या माणसालाही फार वेळ वर धरवत नाही. तिचे ओठ दाबलेले होते, कपाळावरून घाम ओघळत होता. सोडलं नाही. मी लाकूड आहे, पण त्या वेळी मी जीव मुठीत धरला होता.

फ्रेमानं वर पाहिलं. लेक तिच्याकडेच बघत होती, वाट बघत. फ्रेमानं हात सावकाश बाहेर काढला.

"गेला," ती म्हणाली, जेमतेम ऐकू येईल असं.

धप्.

त्यानंतर दोघी थांबल्याच नाहीत. मामानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, ताट साफ केलं. "गुळगुळीत झालाय. कुणी कांडला?"

"तुझ्या वळण नसलेल्या भाचीनं," आजी म्हणाली.

कोनादू पाणी घेऊन आली, घाईघाईत, डाव्या हातानंच. मामा त्या हाताकडे बघत राहिला. पोरीच्या तळव्यावर फोड आलेले होते. मग त्यानं भांडं घेतलं आणि सगळं पाणी प्यायला.

आता मी पुरता म्हातारा झालोय. एका बाजूनं चीर गेलीय, तिच्यावर बोआदीनं पत्रा ठोकलाय. फाट्यावर फुफूचं मशीन आलंय, पैसे द्या आणि गोळा घेऊन जा. एक ना एक दिवस मी कोंबड्यांचं पाणी साठवायच्या कामाला लागणार हे मला कळतं. माझी त्याला ना नाही.

कोनादू आता आईपेक्षा उंच झालीय. अजून सांडते, अजून माझ्यावर आदळते आणि अजून मलाच बोलते. अक्षर कोंबडीचं ते कोंबडीचंच. बऱ्या झालेल्या मुलीची गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या उखळाकडे जा.

मागणं एकच आहे. आमच्या गल्लीतून जाताना एखाद्या घरातला ठोका मागं पडलेला ऐकलात, तर हसू नका आणि घाई करा असंही ओरडू नका. तिथं कुणाचा तरी हात आत असेल, आणि तो बाहेर येईपर्यंत एका पोरीनं मुसळ वर धरून ठेवलेलं असेल.