चिठ्ठीत न लिहिलेली सुई

जानराव डॉक्टरांनी वापरलेली सिरिंज उकळत्या पाण्यात सोडली आणि तेव्हाच त्यांना आठवले. चिठ्ठीत मॉर्फिन लिहायचे राहून गेले होते.

तासाभरापूर्वी विहिरीच्या खोदकामात उदयसिंगच्या पायावर दरड कोसळली होती. गुडघ्याखाली नुसता चेंदामेंदा. आसेगावात अठरा वर्षे दवाखाना चालवणाऱ्या जानरावांनी पाय आवळून बांधला, धनुर्वाताची सुई दिली, आणि त्याचे ओरडणे ऐकवेना तेव्हा मॉर्फिनची. दारात गिट्टीचा ट्रक घाई करत होता. दोन ओळी खरडून त्यांनी उदयसिंगला, सोबत त्याची आई रुपाबाई, तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात रवाना केले.

रविवार होता. तारघर बंद, तालुक्याला जाणारी मोटार थेट संध्याकाळी. तिथे पुन्हा तीच सुई टोचली, तर इतके रक्त गेलेल्या माणसाचा श्वास बंद पडायला वेळ लागणार नव्हता.

त्यांनी सायकल काढली.

"इतक्या उन्हात कुठी निंगाले?" त्यांच्या पत्नी कस्तुराबाई ताट वाढता वाढता बाहेर आल्या.

"माह्या हातून चूक झाली," एवढेच बोलून त्यांनी पायडल मारले.

बारा मैल. मे महिन्याचा फुफाटा. अर्ध्या वाटेवर चेन उतरली. ती बसवून ते पुन्हा निघाले. चढावर पायडल मारणे पन्नाशीच्या माणसाला जमेना, तेव्हा सायकल हातात धरून ते पळाले.

मोठ्या दवाखान्याच्या ओसरीवर रुपाबाई बसली होती.

"सुई देली का उदयले?" त्यांनी धापा टाकत विचारले.

"आता देऊन राह्यले. मोठे डॉक्टर आताच घरून आले."

जानराव तसेच आत घुसले. नर्स गोमतीबाईंच्या हातात भरलेली सिरिंज होती.

"थांबा! मॉर्फिन मी देलं हाय. पाव ग्रेन. एक वाजता."

मोठे डॉक्टर वळले. "चिठ्ठीत फक्त धनुर्वाताची सुई आहे. ही बाईही एवढंच सांगते की सुई दिली."

"लिवाचं राह्यलं. चूक माही हाय, साहेब."

डॉक्टरांनी उदयसिंगची पापणी उचलून बाहुली पाहिली. मॉर्फिनने ती टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी गोमतीबाईंच्या हातातली सिरिंज घेतली आणि ट्रेमध्ये ठेवून दिली.

जानराव बोलणी खायला तयार उभे होते.

"पाय काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "आज माझा सहायक सुटीवर आहे. क्लोरोफॉर्म धरता येईल तुम्हाला?"

"येते."

"मग हात धुवा."

दीड तास जानराव उदयसिंगच्या उशाशी उभे राहिले. एक हात मास्कवर, दुसरा नाडीवर. नाडी दोनदा हरवली, दोनदा सापडली. शेवटचा टाका पडला तेव्हा श्वास बारीक पण एकसारखा चालू होता.

बाहेर येऊन पाय गेल्याचे त्यांनीच रुपाबाईला सांगितले. ती म्हणाली, "जीव हाय नं?"

"हाय."

दिवेलागणीला उदयसिंगने डोळे उघडले. जानराव खाटेशी बसून होते.

"डॉक्टरसाब, पायाले लय मुंग्या येऊन राह्यल्या."

जानरावांनी चादरीकडे पाहिले. गुडघ्याच्या पुढे ती सपाट होती. ते उठले, पायथ्याशी जाऊन बसले आणि त्या सपाट चादरीवरून हळूहळू हात फिरवू लागले.

"आता बरं वाटते," डोळे मिटत उदयसिंग म्हणाला.