वाकून घ्यायची वीणा

मित्रांनो, सात दिवस आणि सात रात्री जमिनीला न टेकता राहून बघा, मग मला आळशी म्हणा. मी एक जुनी वीणा आहे. गेली तीन वर्षं खुंटीला टांगलेली होते, म्हणून शेजारची मुलं समजायची की ही भिंतीची शोभा आहे. शोभा कसली डोंबलाची! उभ्या आयुष्यात मी एकदाच शोभेला होते, मिरजेच्या दुकानात, आणि तिथेही मला कंटाळाच आला होता.

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या उखर्डू आबांनी मला तिथून आणलं. चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. एवढा मोठा माझा भोपळा, पण आबांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. आमचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या बागांमध्ये. तिथे मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीचा सप्ताह बसतो, आणि सप्ताहात माझ्याशिवाय पान हलत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नियमच तसा आहे.

तो नियम नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. सप्ताह सुरू झाला की वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात हवीच. दोन-दोन तासांचे पहारे असतात. पहारेकऱ्याने उभं राहायचं, वीणा छेडायची, नाम घ्यायचं. मला खाली ठेवलं तर सप्ताह मोडला. आणि पहारा बदलताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. वय, जात, शेत किती, काही बघायचं नाही. त्या दोन तासांत जो मला धरतो तोच मोठा, असं आबा सांगायचे.

दुपारी बारा ते दोनचा पहारा बायकांकडे असायचा. चैत्रातलं ऊन, देवळाला पत्र्याचं छप्पर, त्या वेळी उभं राहायला पुरुषांपैकी कुणी तयार नव्हतं, म्हणून तो बायकांना मिळाला. त्यात भागाबाई एकोणीस वर्षं होती. तिचा आवाज काही गोड नव्हता, जरा खरबरीतच. पण नेहमीचे अभंग संपले की ती स्वतः जुळवलेली अहिराणी गाणी म्हणायची. देवाला चांगली झापायची. बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. त्या वेळी पंच मंडळी घरी झोपलेली असत, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

मग भागाबाईच्या लेकीने, सुलक्षणाने, चाळीसगावच्या प्रशीलशी लग्न केलं. दोघंही एकाच शाळेत शिक्षक. प्रशीलचं घर बौद्ध. भागाबाईने जावयाला ओवाळलं, बट्टीवर तूप वाढलं आणि विषय संपला असं तिला वाटलं. देवळाच्या मंडळाला तसं वाटलं नाही. मंडळाचे अध्यक्ष नवलभाऊ. त्यांनी कागदावर काहीही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बहिष्काराच्या कायद्याखाली पोलिसांत जायची वेळ आली असती, तेवढं त्यांना कळत होतं.

झालं काय, तर सप्ताहासाठी घरोघरचे गहू गोळा करणारा ट्रॅक्टर भागाबाईच्या दारावरून तसाच पुढे गेला. शेवटच्या दिवशीच्या, काल्याच्या पंगतीची बट्टी अख्ख्या गावाच्या गव्हाची असते, सगळ्यांचं पीठ एकत्र मळतात. भागाबाई पोतं घेऊन दारात उभी होती. ट्रॅक्टरवरच्या माणसाने तिला सांगितलं, "काकू, यंदा तुमचे गहू नकोत म्हणे." पहाऱ्याच्या यादीतूनही तिचं नाव गेलं. आणि पंगतीचं बोलावणं आलं नाही. मंडळाच्या ज्या बैठकीत हे ठरलं तिला आबा होते आणि त्यांनीही मान डोलावली होती. मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे.

पोतं परत घरात नेताना भागाबाई रडली. बाकीच्या गोष्टी तिने सोसल्या असत्या. पण लेक-जावई काल्याला येणार होते, आणि गावाच्या पंगतीत त्यांना शेजारी घेऊन बसायचं एवढं एकच तिच्या मनात होतं.

काल्याच्या दिवशी दुपारी कीर्तन संपलं, मंडपात पत्रावळ्या पडल्या. मी बायकांच्या पहाऱ्यातल्या बेबाबाईच्या गळ्यात होते. पंगत उठल्यावरच मला उतरवतात. सगळं गाव जेवायला गेलेलं, देवळात चिटपाखरू नाही. भागाबाई तेवढी दर्शनाला आली होती. तिचं घर समोरच. बेबाबाईला उन्हाने घेरी यायला लागली. मला वाटलं आता मी आपटते.

"भागा, धर बरं," ती म्हणाली. "माले चक्कर येस."

भागाबाईने मला नमस्कार केला, बेबाबाईच्या पाया पडली आणि मला गळ्यात घेतलं. समोर माईक सुरूच होता. तिने तारा छेडल्या आणि थेट गाणंच सुरू केलं.

देवा, तुनी पंगत बसनी,
तू कोना शेजारे बसना?
मना गहू नको म्हनतस पंच,
पानी ते तूच दिधं ना?

मंडपातल्या कर्ण्यावर हे गेलं. वाढणाऱ्यांचे हात थांबले. नवलभाऊंनी दोन माणसं पाठवली, वीणा काढून घ्या म्हणून. ती आली आणि दारातच अडली. वीणा घ्यायची तर भागाबाईच्या पाया पडायला हवं, आणि जिला पंगतीला नको म्हटलं तिच्या पाया पडायचं कसं? न वाकता हिसकावली तर सात दिवसांचा सप्ताह मोडला. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मला हसू आवरत नव्हतं, तारांमधून थोडं निसटलंही असेल.

मग नवलभाऊंनी माईक बंद करायला लावला आणि तिथेच फसले. कर्ण्यावर अर्धंमुर्धं ऐकू आलेलं लोकांना पूर्ण ऐकायचं होतं. पत्रावळीवरून माणसं उठली आणि देवळाकडे आली. भागाबाई घामाने निथळत होती, घाबरलीही होती, तिची धडधड मला भोपळ्यात लागत होती. पण ती थांबली नाही.

देव दगडमा, देव पोथीमा,
चावी कोना कंबरले?
कुलूप मी नही तोडस देवा,
तूच ये मना घरले.

गाणं संपलं. गर्दीतून उखर्डू आबा पुढे आले. ऐंशीचं वय, गुडघे गेलेले. खांबाला धरून ते खाली बसले आणि भागाबाईच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं. ती कासावीस झाली, तीही त्यांच्या पाया पडली. आबांनी मला गळ्यात घेतलं.

"आते तू आंडेर-जवाईले लईसन पंगतमा बस," आंडेर म्हणजे लेक, आणि स्वतःच्या लेकीशी बोलावं तसे ते हळू बोलले. "तुमनं जेवन व्हवापर्यंत मी कोनाच हातमा वीणा देस नही."

म्हणजे तोवर सप्ताह उतरणार नव्हता. नवलभाऊ पाण्याचा टँकर बघायला म्हणून निघून गेले. भागाबाई घरी गेली. नको म्हटलेल्या गव्हाच्या बट्ट्या तिने घरी केल्याच होत्या. त्या पातेल्यात घेऊन, सुलक्षणा आणि प्रशीलला सोबत घेऊन ती पंगतीत बसली. बराच वेळ त्यांच्या बाजूच्या पत्रावळी रिकाम्या होत्या. मग डोक्यावर ओला रुमाल घेऊन बेबाबाई आली आणि प्रशीलच्या शेजारी बसली. आबा दीड तास उभे राहिले. मला उतरवल्यावर त्यांनी भागाबाईच्या पातेल्यातली बट्टी वरणात कुस्करून खाल्ली.

एवढ्याने गाव बदललं असं समजू नका. पुढच्या वर्षी मंडळाने नवी चकचकीत वीणा आणली आणि मला जुनी ठरवलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी मला भागाबाईच्या घरी पोचवलं आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. मला फार एकटं वाटलं. माझी एक तार गंजली, भोपळ्यामागे पालीने बिऱ्हाड केलं. तीन वर्षं तो ट्रॅक्टर दारावरून तसाच जात राहिला आणि दर वर्षी भागाबाई पोतं भरून दारात ठेवत राहिली. गाणं मात्र माझ्याविना फिरलं. सुलक्षणाने ते मोबाइलवर पाठवलं, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून पार धुळ्याकडच्या बायकाही ते म्हणतात, आपापल्या गावच्या पंचांची त्यात भर घालून.

यंदा सप्ताहाच्या आदल्या दिवशी उन्हाने नव्या वीणेचा भोपळा तडकला. संध्याकाळी नवलभाऊ स्वतः दारात आले. भागाबाईने तार बदललेली होती, मला पुसून ठेवलं होतं, जणू तिला माहीतच होतं. मला दोन्ही हातांत धरून ती उंबऱ्यात उभी राहिली. नवलभाऊंनी हात पुढे केला. तिने मला दिलं नाही.

"नवलभाऊ, नियम तुमलेच माहीत शे."

त्यांनी मागे वळून रस्त्यावर बघितलं. कंबर धरली आहे म्हणाले. भागाबाई म्हणाली की तिचीही धरली आहे. मग टोपी सावरत ते वाकले. फार नाही, पण तिच्या पायांना हात लागला, मी पाहिलं. भागाबाईसुद्धा त्यांच्या पाया पडली, तेवढीच वाकून. मग तिने मला त्यांच्या गळ्यात घातलं आणि दाराशी ठेवलेल्या पोत्याकडे बोट दाखवलं.

"हाई गहू बी लई जा."

गळ्यात मी आणि खांद्यावर पोतं, असे नवलभाऊ देवळाकडे निघाले. मधेच पोतं सरकायचं, ते सावरायचे. त्यांच्या पाठीमागे भागाबाई गाणं म्हणत होती आणि त्यांनी तिला थांबवलं नाही.

मित्रांनो, वीणा उन्हात ठेवू नका, तारा कोरड्या फडक्याने पुसत जा, आणि भिंतीवर टांगून विसरू नका, वाजवा. एवढं तर कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. मला कुणाच्या हातून घ्याल तेव्हा आधी वाका, आणि देणारा कोण आहे ते नंतरसुद्धा विचारू नका.