पाच मजल्यांची कृपा

या साथीच्या विषाणूचा अंत आमच्या इमारतीच्या गच्चीवर झाला, याची इतिहासाला दखल घ्यावी लागेल. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या खोकल्याला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

इमारत सील झाली त्याच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या सचिवांकडे एक भस्मबाबा पाहुणे आले आणि आमच्यासारखेच अडकले. त्यांनी गच्चीवर आसन मांडलं आणि लिफ्ट बंद करायला लावली.

"तापकऱ्याने आपल्या पायांनी पाच मजले चढून यावं, चिमूटभर भस्म घ्यावं. बरा होणारच."

आणि खरंच, वर पोचलेला प्रत्येक जण बरा झाला. जिन्यात रांग लागली. एकमेकांच्या मानेवर खोकत लोक कृपेची वाट पाहू लागले.

शिंपीकाकांना दुसऱ्या पायरीवरच धाप लागली. वरून निरोप आला, "श्रद्धा कमी पडते."

"मॅडम, दवाखान्याची गाडी बोलवू नका," काकांचा मुलगा दार अडवून दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "दवाखान्यात पाऊल टाकलं की कृपा तुटते. मी वडिलांना पाठीवर घेऊन चढतो."

"मी काय... कापडाचा तागा आहे?" काका आतून म्हणाले.

बाई त्याला बाजूला सारून आत गेल्या. त्यांनी काकांच्या बोटाला लावलेलं यंत्र मुलाला दाखवलं. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर उतरलेला. मग त्याला ओढतच त्या गच्चीवर गेल्या.

"महाराज, एकदा खाली येऊन काकांना भस्म द्या."

"आम्ही आसन सोडत नाही."

"बरं. इथवर न पोचलेल्यांचं काय झालं?"

"त्यांचा विचार आम्ही करत नाही."

"हीच यांची विद्या," बाई मुलाला म्हणाल्या. "ज्याला दम पुरतो तोच पाच मजले चढतो. असे बहुतेक जण भस्माशिवायही बरे होतात. निवड जिना करतो, नाव भस्माचं होतं. तुझे वडील सत्तरीपुढचे, त्यात मधुमेह, त्यात हृदयाचं दुखणं. अशांनाच हा आजार जास्त आवळतो. फुप्फुसं किंवा मूत्रपिंडं अधू असलेल्यांना, फार लठ्ठ माणसांनाही. धडधाकटालाही कधी गाठतो, पण तुझ्या वडिलांसारख्यांच्या बाबतीत वाट बघायची सोय नसते. धाप लागली की गच्चीवर चढायचं नसतं रे, दवाखान्यात जायचं."

मुलाने महाराजांकडे पाहिलं. महाराज भस्माकडे पाहत होते. मुलाने फोन काढला.

गाडी आली. काकांना ऑक्सिजन लावून आत चढवताना गच्चीवरून महाराजांची हाक आली. सगळा जिना कान देऊन थांबला.

"डॉक्टरीणबाई, जरा लिफ्ट चालू करायला सांगता का? मलाही शुगर आहे, आणि सकाळपासून धाप लागतेय."