उभ्या अक्षाचं नाव

संस्थेत त्याला सगळे चित्रगुप्त म्हणत. चित्रं काढतो आणि गुपचूप बसतो म्हणून कोणीतरी गमतीने ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. तळघरातल्या मोठमोठ्या टाक्यांमध्ये बियाण्यांचे आणि रक्ताचे नमुने गोठवून ठेवणारी ती संस्था. वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञांनी आकड्यांचे ढीग पाठवायचे आणि ह्याने संगणकावर कोड लिहून त्यांचे आलेख काढायचे. रेघ काय, कोणीही ओढतं, असं त्याचं म्हणणं. खरी परीक्षा अक्षांच्या नावांची. आडव्या अक्षाखाली आणि उभ्या अक्षाच्या कडेला जी दोन-चार अक्षरं असतात, त्यांचा आकार किती, जाडी किती, रंग कोणता, ती रेघेपासून किती अंतर राखून उभी राहावीत, यात तो अर्धा दिवस सहज घालवी. त्याची बायको म्हणे, स्वतःच्या लग्नपत्रिकेलाही याने इतका जीव लावला नव्हता.

राखाडी रंगावर त्याचं विशेष प्रेम. कोडमध्ये हा रंग आकड्याने सांगता येतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट, एक म्हणजे पांढराशुभ्र, आणि मधले सगळे राखाडी. त्याचा लाडका आकडा शून्य पूर्णांक आठ. या आकड्याला अक्षरं कागदावर असतातही आणि नसतातही. ज्याला हवी त्याने जवळ जाऊन वाचावीत, बाकीच्यांच्या डोळ्यांत ती भरू नयेत. सभ्य माणसाने चारचौघांत असंच वागावं, असं तो म्हणायचा, आणि स्वतःही तसाच वागायचा.

टाकीवाले काका तळघरात तीस वर्षं होते. टाक्यांतला वायू थोडाथोडा गळतच असतो. त्याला ना वास ना रंग, पण बंद खोलीत साचला तर माणसाच्या वाट्याची हवा तो कधी हटवतो ते कळतही नाही. धोक्याची घंटा दुरुस्तीला गेली होती, म्हणून असं ठरलं होतं की दर सोमवारी चित्रगुप्ताने गळतीचा आलेख तळघराच्या दारावर लावायचा, आणि रेघ फार चढलेली दिसली तर काकांनी खोली बंद करून वर कळवायचं. शेवटच्या दोन आठवड्यांत गळती वाढली आणि रेघ कड्यासारखी सरळ उभी राहिली. साहेबांनी ती दारावर जाण्याआधी पाहिली. बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येणारच होता. "डोळ्यांना बोचतंय रे," साहेब म्हणाले. "जरा मवाळ कर."

त्याने मवाळ केलं. उभ्या अक्षाचं माप असं बदललं की वरची प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या दसपट. मग कड्याचा साधा चढ झाला. यात खोटं काहीच नव्हतं, शास्त्रात असे आलेख रोज काढतात, आणि अक्षाच्या कडेला त्याने प्रामाणिकपणे लिहिलंही, 'गळती : प्रत्येक पायरी दसपट'. फक्त आकार सहा, जाडी सगळ्यांत कमी आणि रंग शून्य पूर्णांक आठ. हे मात्र साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्याने केलं, कारण छान दिसत होतं.

सोमवारी त्याने कागद दारावर लावला तेव्हा काका तिथेच होते. जाड भिंगाचा चष्मा कपाळावर सारून, नाक कागदाला टेकेल इतके ते वाकले.

"बाळा, इथे कडेला काय लिहिलंय रे? मुंग्या चालल्यात नुसत्या."

त्याला जेवायला जायची घाई होती. "काही नाही काका. नेहमीचंच."

"मग ठीक आहे. रेघ काही फारशी चढलेली दिसत नाही."

तो हसला आणि जिना चढून गेला. गुरुवारी दुपारी काका खुर्चीत बसल्या जागी गेले. जेवणाचा डबा मांडीवर होता, त्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

चौकशीसाठी बाहेरून एक बाई आल्या. घंटा का नव्हती याचे कागद साहेबांनी व्यवस्थित लावून ठेवले होते, तेव्हा दोष द्यायला उरले काका. सूचना दारावर लावलेली असूनही कर्मचाऱ्याने दुर्लक्ष केलं, असं अहवालात येणार अशी कुजबुज सुरू झाली. तीस वर्षांत एक झडप सैल न ठेवलेल्या माणसाच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द कायमचा बसणार होता, आणि तो शब्द खरा कोणाचा हे चित्रगुप्ताला चांगलं ठाऊक होतं. त्याला अन्न गोड लागेना. जिन्यावर कोणी "नेहमीचंच" म्हटलं तरी तो दचकून मागे वळून बघे. मेलेल्याला बोलता येत नव्हतं आणि जिवंत होता तो तोंड उघडत नव्हता.

त्याने राखाडी सोडला. प्रायश्चित्त म्हणा, दुसरं काय! त्या आठवड्यापासून प्रत्येक आलेखात अक्षांची नावं काळी, जाड, आकार वीस. दिसायला अगदी गावंढळ. साहेबांनी पहिलाच कागद परत पाठवला.

"उभ्या अक्षाला नाव द्यायला विसरलास."

नाव कागदावर होतं. त्याने त्यावर बोट ठेवून दाखवलं. साहेबांनी बोटाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन दिवस सुट्टी घे म्हणाले.

त्याने कोड तपासला. रंग शून्यच होता. त्याने आकार तीस केला. शेजारच्या टेबलावरच्या बाई मान वळवून म्हणाल्या, "नुसतीच रेघ? कशाची आहे ते तरी लिही बाबा." त्याने आकार साठ केला. आता नावापुढे आलेखालाच जागा उरली नाही, रेघ बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसली. शेवटी त्याने रेघही काढून टाकली, नुसतं नाव छापलं आणि तो कागद घडी घालून घरी नेला. बायको मटार सोलत होती. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"पाठकोरासुद्धा नाही, दोन्हीकडून कोरा आहे की. चांगल्या कागदाची घडी कशाला मोडलीस?"

आणि बोटभर जाडीच्या त्या काळ्या अक्षरांवरूनच तिने पेन्सिलीने बाजाराची यादी लिहिली. मीठ, साबण, सुया. लिहिताना तिचा हात कुठे अडखळला नाही. तो शेजारी उभा राहून बघत होता. बायकोला अक्षरं दिसत नाहीत याची त्याला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली ती याची, की समोर लिहिलेलं असून ते माणसाला न दिसणं त्याला ओळखीचं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने चौकशीच्या बाईंना पत्र लिहिलं. हाताने, काळ्या शाईने. काही म्हणून लपवलं नाही, अगदी जेवायच्या घाईपर्यंत सगळं लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला कित्येक दिवसांनी भूक लागली.

सकाळी तो बाईंच्या खोलीत गेला तेव्हा तिथे काकू बसल्या होत्या. काकांच्या वस्तू घ्यायला आल्या होत्या. मांडीवर होता घासून लखलखीत केलेला डबा, त्यावर काकांचा चष्मा. त्याने मान खाली घालून पत्र पुढे केलं. बाईंनी ते उघडलं, उलटवलं, पुन्हा सुलटवलं.

"दुसरा कागद आणायचा होता का तुम्हाला? हा कोरा आहे."

बाईंनी पत्र परत पुढे केलं. पण आज तो माघारी फिरायला आला नव्हता.

"बाई, दारावरच्या आलेखावर अक्षाचं नाव फिकट होतं. मी केलं होतं, माझ्या हाताने. काकांना ते वाचता येणं शक्यच नव्हतं."

बाईंनी फायलीतून दारावरचा तोच कागद काढला आणि टेबलावर उभा धरला. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे अजून होते.

"हे फिकट?"

काकूंनी खोलीच्या त्या टोकावरून डोळे बारीक केले. "गळती," त्या सावकाश वाचू लागल्या. "प्रत्येक पायरी दसपट." मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "मला तर बिनचष्म्याचं वाचता येतंय."

त्याने पाहिलं. त्याला कडेला मुंग्यांची एक फिकट रांग दिसत होती.

काकूंनी डब्यावरचा चष्मा हातात घेतला. "एवढं ठळक होतं होय," त्या म्हणाल्या. "आणि मी तीन आठवडे लोकांशी भांडतेय, की ह्यांना कोणी सांगितलंच नसणार म्हणून." चष्म्याच्या काड्या त्यांनी उघडल्या, पुन्हा मिटल्या. "अलीकडे लक्ष नसायचंच म्हणा ह्यांचं. तू मनाला लावून घेऊ नकोस रे. तू तुझं काम चोख केलंस."

त्याच्या डोळ्यांदेखत काका दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी काकूंनीही त्यांचा हात सोडला.

अजून एक वाक्य उरलं होतं. काकांनी मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही. त्या वाक्याला ना आकार होता ना रंग. ते कागदावर नव्हतंच, तेव्हा कागदावरून पुसलंही जाणार नव्हतं. तोंडाने म्हटलं असतं तर या खोलीत दोघींना ऐकू गेलं असतं, आणि काकूंना त्यांचा माणूस परत मिळाला असता. बाई आलेख टेबलावर ठेवून, पेनाचं टोपण काढून थांबल्या होत्या. तो टेबलाजवळ गेला. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं, फक्त एकदा खात्री करावी म्हणून तो खाली वाकला, आणखी वाकला, नाक कागदाला टेकेल इतका.

"काय बघतोयस रे एवढं वाकून?" काकूंनी विचारलं. "कडेला आणखी काही लिहिलंय का?"

"काही नाही काकू," तो म्हणाला. "नेहमीचंच."