नऊ नंबरचा बाक

आई गेल्यावर तिचं घर रिकामं करायला मी तीन आठवड्यांची रजा काढून आले आणि पहिल्याच आठवड्यात बागेच्या फाटकावर ती सूचना वाचली. शहराच्या जुन्या बागेच्या सुधारणेचा आराखडा तयार आहे. नागरिकांनी आपली मतं काचघरात आणून द्यावीत. मागच्या भिंतीलगतचे अकरा लोखंडी बाक काढून तळ्याभोवती नवी, गोल बैठक करायची होती. बाग दीडशे वर्षांची, बाक जवळपास तेवढेच जुने. त्यातला नववा आईचा.

आईचा म्हणजे सहा वर्षं रोज संध्याकाळी ती तिथे बसायची. मी दुसऱ्या शहरात. साडेपाचला कचेरीतून बसथांब्यापर्यंत चालताना मी तिला फोन करायचे.

"कुठे आहेस?"

"बाकावर. गप्पा रंगल्यात इथे, तू बोल पटकन."

मी पटकन बोलायचे. बस यायची. आईला माणसं आहेत ही खात्री मला रोज चार मिनिटांत मिळायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुरायची.

ती गेल्यावर त्या गप्पांच्या मंडळींना कळवायला हवं, म्हणून मी दोन संध्याकाळी त्या बाकावर जाऊन बसले. कुणीच आलं नाही. त्यांना कळलं असेल, आता तिथे बसवत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दादाला फोनवर सांगितलं, बाक काढू द्यायचा नाही. तो म्हणाला, "घरातली कपाटं देऊन टाकायला तुला दोन मिनिटं लागली. आणि सरकारी बाकासाठी रडतेस?"

"रडत नाहीये. सह्या गोळा करणार आहे."

"म्हणजे तेच. तुझ्या पद्धतीनं."

या कामात मला एक जोडीदार मिळाला. निवृत्त चित्रकला शिक्षक, पक्षी बघायला गळ्यात कायम दुर्बीण. सगळी बाग त्यांना दुर्बीणकाका म्हणते, तेही तोंडावर. त्यांना अकराच्या अकरा बाक वाचवायचे होते, मला एक. आम्ही फाटकाशी टेबल टाकलं.

"बाग जशी आहे तशीच राहिली पाहिजे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

"जशी आहे तशीच?" कुत्रं घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं. "म्हणजे ते स्वच्छतागृहसुद्धा?"

"ते सोडून."

"मग आण पेन."

"आण नाही, आणा. मी तुमच्यापेक्षा मोठा आहे."

"कुत्र्याला म्हटलं हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही ठोकली.

पाच दिवसांत सेहेचाळीस सह्या झाल्या. पहिली माझी. पुष्कळ दिवसांनी मला भूक लागत होती. काहीतरी वाचवता येतंय असं वाटत होतं.

मतं द्यायच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी, आम्ही यादी घेऊन काचघरात गेलो. कुंड्या बाजूला सारून तिथे एक टेबल मांडलं होतं आणि मागे नोंदणीच्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. त्यांची पद्धत साधी होती. बागेतल्या प्रत्येक झाडाला, नळाला, बाकाला एक नंबर. प्रत्येक नंबराला एक तार. त्या नंबराबद्दल आलेला प्रत्येक कागद त्याच तारेत ओवायचा. नावं घेत नव्हते, फक्त वय आणि पत्ता. भिंतीवर अशा शेकडो तारा लटकत होत्या. कारंज्याची तार कागदांनी वाकली होती. बाकांच्या तारा जवळजवळ रिकाम्या.

दुर्बीणकाका बाकीच्या दहा तारांसाठी यादीच्या प्रती मोजत बसले. बाईंनी नऊ नंबरची तार काढली.

"याच्यावर एक आलंय आधीच. मार्चमधलं. वाचून घ्या, नाहीतर उद्या म्हणाल आम्हाला दाखवलंच नाही."

आई सदतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधं देत होती. पाकिटांवर सूचना लिहून लिहून तिचं अक्षर सुटं, उभं झालं होतं आणि 'रोज' या शब्दाखाली ती दोन रेघा ओढायची. पेशंट विसरतात म्हणून. मी कागद हातात घेतला आणि मजकुराआधी त्या दोन रेघा पाहिल्या.

वय : ७४. बागेत किती वेळा येता : रोज.

"बाक नंबर ९ काढावा. मी सहा वर्षं इथे बसते. कुणी येत नाही. लोकांचा दोष नाही. पुढचं मेंदीचं कुंपण उंच आहे, बसलेलं माणूस बागेतल्या रस्त्यावरून दिसत नाही. ज्याला दिसतं त्याला वाटतं, ही मुद्दाम एकटी बसली आहे. तळ्याकाठचे बाक ज्याचे त्याचे ठरलेले आहेत. तिथे दोनदा बसून पाहिलं. गोल बैठक करावी म्हणजे एकमेकांची तोंडं दिसतील. उठताना धरायला दांडा असावा, गुडघ्यांसाठी. फोनवर बोलायला ही जागा चांगली आहे. पण फोन चार मिनिटांचा असतो."

खाली छापील प्रश्न होता : निर्णय कसा कळवावा? तिथे तिने लिहिलं होतं, "घरी येऊन सांगितलं तरी चालेल."

मी कागद दोनदा वाचला. गप्पा कुणाच्या रंगल्या होत्या, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

"कोणी गेलं होतं का?" मी विचारलं.

"कुठे?"

"या पत्त्यावर. सांगायला."

"अहो, आठशे मतं आलीत. कोण जाणार घरोघरी?" बाईंनी हात पुढे केला. "आणा यादी. ओवते."

मी यादी घट्ट धरली. "ही परत घेता येईल?"

"तुमची एकटीची आहे का ती? सेहेचाळीस माणसांची आहे. तुमची सही तेवढी खोडता येईल."

मी माझी सही खोडली. दुर्बीणकाका ताडकन उठले.

"अहो, काय करताय? पहिलीच सही खोडताय! आईच्या आठवणीसाठी चाललंय ना हे सगळं?"

"आठवण माझी आहे. तिला हा बाक नको होता."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. वाचायला त्यांना चष्मा शोधावा लागला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद परत दिला आणि विचारलं,

"राखाडी शाल?"

"हो."

"मी रोज जायचो समोरून. तिथल्या झाडावर घुबडाचं घरटं होतं. मला वाटायचं, बाईंना एकांत आवडतो. म्हणून आवाज न करता जायचो."

"एकदाही विचारलं नाहीत?"

"असं कुणाला विचारतं का कुणी?" त्यांनी चिडून विचारलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माझी सही मात्र राहील. असं ओतीव लोखंड पुन्हा होणार नाही."

ते खोटं बोलत नव्हते. मी कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'बाक नंबर ९ काढावा.' कारणांच्या जागी 'वरील मताप्रमाणे.' बागेत किती वेळा येता, या प्रश्नाशी माझं पेन अडलं. बाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "रिकामं सोडा. चालतं." त्यांनी तो कागद आईच्या कागदामागे ओवला आणि त्यामागे यादी.

गुरुवारी सुनावणी झाली. उद्यान अधिकारी एकेक तार हातात घेऊन कागद मोजत होते. नऊ नंबरला त्यांना अर्धं मिनिट पुरलं. "ठेवा, पंचेचाळीस. काढा, दोन. बाक राहील."

मी उभी राहिले. मी गोळा केलेल्या सह्यांनी आईला हरवलं होतं आणि हे त्या सभागृहात दुर्बीणकाका सोडून कुणालाही माहीत नव्हतं. ते पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

"तो तळ्याकाठी हलवता येईल?"

"जुनी वस्तू एकदा राखायची ठरली, बाई, की जागची हलवता येत नाही."

"कुंपण जुनं आहे का?"

अधिकाऱ्यांनी बागेच्या मुकादमांकडे पाहिलं. मुकादम म्हणाले, "कुंपण कसलं, दहा वर्षांपूर्वीचं आहे. मीच लावलं."

"मग ते कापा. बसलेलं माणूस दिसेल इतकं."

"कंबरेइतकं?"

"कंबरेपेक्षाही खाली."

"त्यानं काय होणार?" अधिकाऱ्यांनी विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"पहिल्या कागदात लिहिलंय," मी म्हणाले. "वाचा."

त्यांनी वाचला. मनातल्या मनात, ओठ हलवत. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि दहा नंबरची तार उचलली.

शनिवारी दोन माळ्यांनी कुंपण गुडघ्याइतकं कापलं. माझी गाडी सहाची होती. घराची किल्ली शेजारी देऊन, पिशवी घेऊन मी बागेत गेले आणि बाकावर बसले. कापलेल्या फांद्यांचा ओला वास येत होता. मला रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरच्यांना मी. अर्ध्या तासात सात-आठ माणसं समोरून गेली आणि प्रत्येकानं वळून पाहिलं. एक वयस्क बाई जरा थांबल्या. मी घाईघाईनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "इकडे बाक आहे हेच माहीत नव्हतं." आणि पुढे गेल्या.

पिशवी मी पुन्हा बाकावर ठेवली नाही. निघायची वेळ होईपर्यंत ती मांडीवरच धरून बसले.