गुलामाच्या गुलामाचा बिल्ला

मी एक बिल्ला आहे. कांस्याचा, गोल, तुमच्या रुपयापेक्षा थोडा मोठा. वय म्हणाल तर सोळाशेच्या वर, तेव्हा जरा मान ठेवूनच ऐका.

रोमच्या एका लोहाराने मला लोखंडी कड्यात ओवलं आणि ते कडं एका माणसाच्या गळ्यात कायमचं ठोकलं. माझ्यावर कोरलं होतं, ‘मी पळालोय. मला धरा. माझ्या मालकाकडे परत न्या.’ त्या शहरात वर सरदार घराणी, खाली साधी रयत, तिच्याखाली सुटका झालेले गुलाम आणि तळाला गुलाम. पण तळालाही तळ असतो बरं! माझ्या माणसाचा मालक एका सरदाराचा कारभारी होता, आणि तो कारभारी स्वतःच गुलाम. मला मुठीत धरून तो माझ्या माणसाला ओढायचा, तेव्हा त्याच्याच मनगटाचे ठोके भीतीने धडधडत असायचे. ते मला पाठ झाले होते.

माझा माणूस तीनदा पळाला. तिन्ही वेळा वेशीपाशी त्याचे पाय आपोआप मागे वळले. शेवटी मी त्याच्यासोबतच पुरला गेलो.

सोळा शतकांनी यशोधन रोमला सहलीला आला. नकली समजून त्याने मला जुन्या बाजारातून उचललं आणि सिंगापूरला आणलं. हा बँकेतला मोठा साहेब, ईस्ट कोस्टला काँडो, म्हणजे गेटबंद सोसायटीतला महागडा फ्लॅट. त्याची आई सरोजिनीबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. बाईंना साताऱ्याचं घर लख्ख आठवायचं, इथले रस्ते मात्र विसरायच्या. एकदा जवळच्याच बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत चुकल्या, तेव्हा यशोधनने माझ्या पाठीवर आपलं नाव, पत्ता, फोन कोरून घेतला आणि मला साखळीने त्यांच्या गळ्यात अडकवलं. साखळीचा फासा मानेमागे होता, बाईंच्या बोटांना उघडेना.

"आई, हे काढायचं नाही हं."

"आपल्या मोत्याच्या गळ्यात असायचा, तसाच आहे की रे," बाई म्हणाल्या. मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा.

त्यांचं मागणं एकच होतं, आपल्या घरी जायचं. पासपोर्ट पिशवीत घालून रोज सकाळी निघायच्या. काँडोचं गेट ओलांडलं की नजर पुढे रस्त्यावर असायची आणि पाय मागे फ्लॅटकडे चालू लागायचे. माझ्याखाली ठोके ऐकू यायचे ते बाईंचे नव्हते. माझ्या पहिल्या माणसाचे होते.

नात क्षिप्राला शाळेत रोमच्या समाजावर प्रोजेक्ट होतं. एका रविवारी नाश्त्याला माझ्यावरच्या लॅटिनचं भाषांतर करायला तिने फोन माझ्यावर धरला. "आजी, धिस वन नॉट फेक, लाह!" ती सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, मग अडखळत मराठीत वाचू लागली, "मी पळालोय. मला धरा. मालकाकडे परत न्या."

बाईंनी मला शांतपणे उलटं केलं. "आणि मागे मालकाचं नाव कुणाचं आहे, यशोधन?"

यशोधनने पोह्यांची बशी बाजूला सारली. त्याने उठून आपल्या हाताने फासा उघडला. "आई, चल. मीच पोचवतो तुला. आठ दिवस राहतोसुद्धा."

मला त्याने ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्याला अडकवलं. विमानतळावर निघताना तो पट्टा त्याने सवयीने गळ्यात घातला. सुट्टीवर जाताना कुणी घालतं का? पण हात कुठे विचारतात.

चांगी विमानतळावर व्हीलचेअरवालीने बाईंना आत नेलं. मुंबईला भाची घ्यायला येणारच होती. यशोधन मागोमाग निघाला आणि फोन वाजला. "येस सर. आज? येस सर."

बाई वळून म्हणाल्या, "ये की रे."

यशोधन आईकडेच बघत होता. पाय मात्र मागे वळले. माझ्याखाली ठोके सुरू झाले आणि मी चरकलो. हे माझ्या माणसाचे नव्हते. हे कारभाऱ्याचे होते.

सरोजिनीबाई आता साताऱ्यात आपल्या ओट्यावर सुखाने बसतात. फोनवर विचारतात, "कधी येतोस?" तो म्हणतो, "पुढच्या महिन्यात." दर शनिवारी बॅग भरतो, गेटपर्यंत येतो.

मला बोलता येत नाही, तेव्हा तुम्हीच त्याला सांगा. माझ्या पाठीवरचं आपलं नाव तो रोज बघतो आणि स्वतःला मालक समजतो. त्याला म्हणावं, बाबा रे, एकदा पुढची बाजू वाच.